शिकणाऱ्या हातांनाही रोज द्या

प्रति,
मा. मंत्री महोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : काम गेलेल्या, पस्तिशी ओलांडलेल्या कामगारांचे फेरप्रशिक्षण आणि शिकण्याच्या काळातील मजुरी



हे पत्र मी सोयगावहून लिहितो आहे. आमचा तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अजिंठ्याच्या डोंगराखाली आहे. जिल्ह्याचे ठिकाण घाट चढून शंभरेक किलोमीटरवर. त्यापेक्षा शेंदुर्णी, पाचोरा, जामनेर ही जळगाव जिल्ह्यातली गावे आम्हाला जवळची. सरकारदरबारी आम्ही मराठवाड्यात, बाजारहाटाला खानदेशात. अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात, फर्दापूरजवळ आहेत. बाकी तालुका कपाशी आणि मक्यावर जगतो. मोठा कारखाना इथे नाही, त्यामुळे कारखान्याला टाळे लागल्याची बातमीही इथून कधी मुंबईला जात नाही. तरीही इथल्या माणसांचे काम जात आहे. दर हंगामात थोडे थोडे जाते आणि ते कोणाच्या नोंदीत येत नाही.

मागणी आधीच सांगून टाकतो. यंत्राने, रसायनाने किंवा नव्या तंत्राने ज्याचे काम गेले, त्याला दुसरे काम शिकण्याचा हक्क असावा. त्या हक्काला वयाची आडकाठी नसावी. आणि तो माणूस जितके दिवस शिकेल, तितक्या दिवसांचा रोज त्याला मिळावा. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिच्याशिवाय पहिल्या दोन गोष्टी गरिबाच्या कामाच्या नाहीत.

काम जाते म्हणजे नेमके काय होते, ते आधी पाहू. जुलै-ऑगस्टमधली निंदणी हे इथल्या बायकांचे हक्काचे काम होते. चार-सहा जणींची टोळी भाकरी बांधून सकाळीच निघायची, एक शेत उरकले की दुसरे. महिना-दीड महिना हाताला काम असायचे, आणि पोळ्याच्या आधी घरात चार पैसे यायचे. आता पाठीवर पंप अडकवलेला एक माणूस दिवसभरात तणनाशक मारून शेत मोकळे करतो. मक्याच्या पिकात तर निंदणीची टोळी आता क्वचितच दिसते. कणसांतून दाणे काढायला मळणी यंत्र आले, बांधबंदिस्तीला आणि शेततळ्याला जेसीबी आला. शेतकऱ्याला यात दोष देता येत नाही. त्याच्या मालाला भाव नाही, मजुरी त्याला झेपत नाही आणि वेळ साधली नाही तर पीक हातचे जाते. दोघेही अडचणीत आहेत, पण काम गेले ते मजुराचे.

उरली कापसाची वेचणी. ती किलोवर असते. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत ओट्यात कापूस भरत, वाकून वाकून ती चालते. वेचणी संपली की फेब्रुवारी ते मे हात रिकामे. तांड्यावरची जोडपी त्याआधीच ऊसतोडीला गेलेली असतात, पोरे जळगावला, सुरतेला, वाळूजला जातात. जे जाऊ शकत नाहीत ते घरी बसतात. हे बसणे सरकारी आकड्यांत बेकारी म्हणून फारसे दिसत नाही. केंद्राच्या श्रमबल पाहणीतला जो दर आपण नेहमी ऐकतो, त्याच्या व्याख्येनुसार वर्षात तीस दिवस दुय्यम स्वरूपाचे काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. वेचणीचे तीस दिवस कोणाचेही भरतात. 2023-24 मध्ये देशाचा बेरोजगारीचा दर 3.2 टक्के निघाला. त्या दराच्या हिशेबात आमची वर्षाचे आठ महिने रिकामी असलेली बाई रोजगारात आहे. म्हणून आपल्या विभागाने बेरोजगार शोधायचे ठरवले तर यादीत पदवीधर पोरे येतात, ती येत नाही.

आता एका माणसाचे काम जवळून पाहा. बाजारपेठेत मोटर बांधणारे मिस्तरी आहेत. त्यांचे नाव देत नाही, कारण तालुक्याच्या प्रत्येक गावात असे एक-दोन मिस्तरी आहेत. वय पंचेचाळिशीच्या आसपास, शिक्षण नववीपर्यंत. विहिरीवरची मोटर कमी दाबाने जळाली की ती त्यांच्याकडे येते. ते स्टेटरमधली जळकी तार खेचून काढतात, खाचा साफ करतात, कागद बसवतात, तांब्याच्या तारेचे वेढे मोजून नवे कॉइल भरतात, वार्निश पाजून वाळवतात आणि संध्याकाळी मोटर सुरू करून देतात. आवाजावरून बेअरिंग गेले की बुश गेला, ते सांगतात. शाळेत कोणी शिकवलेले नाही. एका उस्तादाच्या हाताखाली आठ वर्षे काढून मिळवलेली ही विद्या आहे.

गेल्या काही वर्षांत शेतात सौर पंप आले. 2019 मध्ये केंद्राची कुसुम योजना आली, 2024 मध्ये राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली. सर्वसाधारण शेतकऱ्याने 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के रक्कम भरायची, बाकीची सरकार देते. योजना चांगली आहे. दिवसा पाणी मिळते, रात्री साप-विंचवात आणि बिबट्याच्या भीतीत मोटर चालू करायला जावे लागत नाही. पण या पंपाची पाच वर्षांची दुरुस्ती पुरवठादार कंपनीकडे असते. एके दिवशी मी मिस्तरींच्या दुकानात बसलो असताना एक शेतकरी मोबाइलवर फोटो घेऊन आला. सौर पंपाच्या कंट्रोलरच्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी सूचना उमटली होती आणि पाणी बंद झाले होते.

"मिस्तरी, पाहा बरं हे काय म्हणतंय. दोन दिवस झाले, मिरची वाळायला लागली."

मिस्तरींनी फोटो निरखून पाहिला. "भाऊ, हे मला लागत नाही. आणि सील तोडलं तर तुझी वॉरंटी जाईल. कंपनीला फोन लाव."

"फोन लावला. माणूस पाठवतो म्हणले. कवा येईल ते सांगत नाहीत."

तो गेल्यावर मिस्तरी म्हणाले, "गुरुजी, पाण्यातली मोटर मला कळते, तार कळते. या डब्यात काय आहे तेवढं कोणी दाखवलं असतं तर आज त्याची मिरची वाचली असती."

मंत्री महोदय, या माणसाला शून्यापासून काही शिकवायचे नाही. पंप, बुश, इम्पेलर, केबल, विहिरीची खोली, गाळ, कोरडी चाललेली मोटर हे सगळे त्याला येते. त्याला शिकायचे आहे ते थोडेच. पॅनलवर ऊन असेपर्यंत तारेत वीज असतेच, ती बटण दाबून संपत नाही, म्हणून हात कसा लावायचा. डीसी विजेची ठिणगी सहज विझत नाही, म्हणून जोड कसा सोडायचा. मल्टिमीटरने पॅनलचा दाब कसा मोजायचा. कंट्रोलरच्या कोणत्या सूचनेचा अर्थ काय, आणि कोणता बोर्ड बदलायचा. हे दोन महिन्यांत होण्यासारखे काम आहे. पण आज या माणसासाठी दोन महिन्यांचा वर्ग कुठेच नाही. असला तरी दुकान दोन महिने बंद ठेवून तो बसू शकत नाही. त्याच्या घरात पाच माणसे जेवतात.

आपल्या विभागाने काही केले नाही, असे मी म्हणणार नाही. 19 ऑक्टोबर 2023 रोजी राज्यात 511 प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे सुरू झाली. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली; बारावी झालेल्याला महिन्याला 6,000, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. शिकताना पैसे दिले पाहिजेत हे तत्त्व त्या योजनेने मान्य केले, ही मोठी गोष्ट आहे. पण तिची वयोमर्यादा 18 ते 35 आहे आणि किमान अट बारावीची आहे. केंद्राच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेतही सर्वसाधारण वयोमर्यादा 15 ते 35. म्हणजे शिकवण्याचा पैसा जिथे खर्च होतो, तिथे छत्तिसाव्या वर्षी दार बंद होते. आणि काम जाते ते बहुधा त्यानंतरच. संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यांत गेलेली आमच्या तालुक्यातली पोरेही असेच सांगतील. ठेकेदारामार्फत लागायचे, काही महिन्यांनी ब्रेक, पुन्हा दुसऱ्या गेटवर. रांजणगाव, बजाजनगरच्या खोल्यांत दहा-बारा वर्षे काढून पस्तिशीला परत आलेल्या माणसाला नवे यंत्र शिकवायला कोणीही तयार नाही.

त्याच संभाजीनगरात आता नवे कारखाने येत आहेत. शेंद्रा आणि बिडकीनमध्ये ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहिली. जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने सुमारे 20,000 कोटींच्या प्रकल्पासाठी राज्याशी सामंजस्य करार केला. एथरने बिडकीनमध्ये विजेवरच्या दुचाक्यांच्या कारखान्याची घोषणा केली. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने 174 किलोमीटरचा जालना-जळगाव रेल्वेमार्ग मंजूर केला. तो आमच्या शेजारून, अजिंठ्यावरून जाणार आहे. पेट्रोलच्या इंजिनावर हात बसलेल्या कामगाराला बॅटरी आणि मोटर शिकावी लागेल. रेल्वेच्या कामाला गवंडी, सळई बांधणारे, वेल्डर, सर्वेक्षणाचे मदतनीस लागतील. आज तयारी केली नाही, तर रूळ आमच्या शेजारून जातील आणि ते टाकणारी माणसे बाहेरून आणली जातील.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि त्यांतले कित्येक पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. 1986 मध्ये केंद्राने बंद गिरण्यांतल्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना आणली. पात्र कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50 आणि तिसऱ्या वर्षी 25 टक्के मिळायचे. पैसे मिळाले, पण त्या तीन वर्षांत दुसरा व्यवसाय हातात देण्याची व्यवस्था उभी राहिली नाही. फेब्रुवारी 1992 मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला. उद्देशांत फेरप्रशिक्षण ठळक होते; प्रत्यक्षात बहुतेक रक्कम सार्वजनिक उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर गेली. 2000 मध्ये तो निधी गुंडाळला गेला. गिरणीतला विणकर वॉचमन झाला, साचेवाला भाजीच्या हातगाडीवर उभा राहिला, घरे गावाकडून आलेल्या ज्वारीवर आणि बायकांच्या शिवणकामावर तगली. त्या एका पिढीची विद्या वाया गेली. नुसते पैसे दिले आणि शिकवले नाही, तर काय होते ते गिरणगावात दिसले. शिकवले आणि पैसे दिले नाहीत, तर वर्ग रिकामे राहतात, हे खेड्यात रोज दिसते. दोन्ही एकत्र द्यावे लागते.

आणि असा हक्क कायद्याने देण्याची परंपरा आपल्याच राज्यात आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना जन्मली. 1972 च्या दुष्काळात तिने लाखो घरे वाचवली. 1977 मध्ये राज्याने कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने म्हटले. त्यासाठी पैसा कुठून आला? 1975 मध्ये व्यवसाय कर लावला गेला. शहरातल्या पगारदाराने, वकिलाने, डॉक्टरने, व्यापाऱ्याने खेड्यातल्या मजुरासाठी तो भरायचा, हा त्यामागचा विचार होता. आजही पगारपत्रकात दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 असे वर्षाला 2,500 रुपये कापले जातात. मीही नोकरीत असेपर्यंत तो कर भरला आणि समाधानाने भरला. त्या कराचा मूळ हेतू आजही जिवंत आहे. काळ बदलला, म्हणून मजुराची गरज बदलली. तेव्हा त्याला दगड फोडायचे काम हवे होते, आज त्याला दगड फोडण्याखेरीज दुसरे काही यायला हवे आहे.

रस्ता नवा शोधायचीही गरज नाही. केंद्राच्या उन्नती प्रकल्पात रोजगार हमीवर 100 दिवस पूर्ण केलेल्या कुटुंबातल्या एका प्रौढाला प्रशिक्षण आणि त्या दिवसांचा मजुरीइतका भत्ता देण्याची तरतूद होती. शिकण्याचा दिवस हा कामाचा दिवस आहे, हे तत्त्व त्यात स्वीकारलेले होते. अडचण एवढीच होती की 100 दिवस पूर्ण झाल्याची अट फार थोड्या कुटुंबांना गाठता येत होती, आणि वय 45 पर्यंतच होते. आता डिसेंबर 2025 मध्ये संसदेने केंद्राचा जुना रोजगार हमी कायदा बदलून 125 दिवसांच्या हमीचा नवा कायदा केला आहे. शंभराचे सव्वाशे झाले. वाढलेले 25 दिवस, ज्याला हवे त्याच्यासाठी, शिकण्याचे दिवस का असू नयेत? नव्या रचनेत राज्याचा वाटा वाढला आहे, तर राज्याचा आवाजही वाढला पाहिजे. आपण आणि रोजगार हमी मंत्र्यांनी मिळून ही भूमिका दिल्लीत मांडावी, आणि तिथून उत्तर येईपर्यंत राज्याच्या तिजोरीतून सुरुवात करावी.

खर्चाचा हिशेब मांडतो. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर 312 रुपये होता. साठ दिवसांच्या प्रशिक्षणाचे एका माणसाचे 18,720 रुपये होतात. एका तालुक्यात वर्षाला 200 माणसे घेतली तर मजुरीपोटी 37 लाख 44 हजार. एवढ्यात दोनशे घरांचे उत्पन्न पुढची वीस वर्षे बदलू शकते. सिंगापूरने 2024 मध्ये चाळिशी ओलांडलेल्या नागरिकाला फेरशिक्षणासाठी 4,000 सिंगापूर डॉलर दिले, आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यासाठी भत्ताही ठेवला. त्यांच्याकडे शेती नावापुरती आहे, खाणी नाहीत; माणसाची विद्या हीच संपत्ती आहे हे त्यांनी ओळखले. आमच्या तालुक्याकडेही कपाशीखेरीज माणसेच आहेत.

आता सोयगावपुरते काय करता येईल ते सांगतो, म्हणजे ही मागणी हवेत राहणार नाही.

पहिले, सौर पंप. पुरवठादारांची यादी महावितरण ठरवते आणि पैसा सरकार देते. तेव्हा अट घालण्याचा अधिकारही सरकारचाच आहे. ज्या कंपनीला तालुक्यात पंप बसवायचे असतील, तिने त्या तालुक्यातले मोटर मिस्तरी प्रशिक्षित करावेत आणि वॉरंटीची दुरुस्ती त्यांच्याकडून करून घ्यावी, असे करारात लिहा. कंपनीचा माणूस शंभर किलोमीटरवरून येण्यापेक्षा हे स्वस्त पडेल आणि शेतकऱ्याचे पीक वाचेल. कंट्रोलरच्या सूचनांची पुस्तिका मराठीत देणे बंधनकारक करा. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्गला कुशल माणसे पाठवण्यासाठी आपण जर्मन भाषा शिकवण्याची व्यवस्था केलीत. सोयगावच्या मिस्तरीसाठी एक मराठी पुस्तिका नक्कीच होईल.

दुसरे, हातातल्या विद्येला मान्यता. पूर्वी मिळवलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत आहे. पण ती दोन-चार दिवसांची ओळख आणि एक कागद एवढ्यावर थांबू नये. मिस्तरीला मोटर बांधायला द्या, गवंड्याला भिंत ओळंब्यात घ्यायला सांगा, त्यांच्या हातावरून त्यांची पायरी ठरवा आणि पुढची पायरी कोणती ते दाखवा. नववी-दहावीला सुटलेल्याला राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातून दहावी आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पुढचे शिक्षण याच वर्गात जोडून घेता आले पाहिजे. आज 'दहावी पास' या दोन शब्दांपुढे तालुक्यातले कितीतरी चांगले कारागीर अडतात.

तिसरे, फवारणी. तणनाशक आणि कीटकनाशक मारण्याचे काम आता वाढतच जाणार. ते कौशल्याचे आणि जोखमीचे काम आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हे काम न शिकवता माणसांच्या पाठीवर दिल्याची ती किंमत होती. औषधाची मात्रा, नोझल, वाऱ्याची दिशा, अंगावरचे संरक्षण, पंपाची दुरुस्ती हे रीतसर शिकवा आणि शिकलेल्याला परवाना द्या. निंदणी गेलेल्या बायकांना यात आधी जागा ठेवा. ड्रोनचे प्रशिक्षण बचतगटांतल्या बायकांना देण्याची केंद्राची योजना आहेच. तिचा वर्ग आमच्या घाटाखालीही भरावा. आजवर बायकांसाठी म्हणून जे काही आले ते शिवणकाम आणि ब्यूटी पार्लर यांच्या पुढे फारसे गेले नाही. एका गावात किती शिलाई मशिने चालणार? शेती, पाणी, पंप, बी-बियाणे यांतले बायकांचे ज्ञान मोठे आहे. शिकवायचे तर त्याच्या आधाराने शिकवा.

चौथे, अजिंठा. लेणी सोमवारी बंद असतात. त्या दिवशी फर्दापूरच्या टी-पॉइंटवरचे दुकानदार, डोली उचलणारे, हॉटेलात काम करणारी पोरे, खडे आणि स्फटिक विकणारे यांना काम नसते. सोमवार हा त्यांच्या शिकण्याचा वार ठरवा. मार्च 2020 मध्ये लेणी बंद झाली आणि डिसेंबरपर्यंत उघडली नाहीत, तेव्हा या लोकांना दुसरे काहीच येत नव्हते म्हणून घरातली भांडी विकावी लागली. डोलीवाल्याचे खांदे पन्नाशीनंतर साथ देत नाहीत, हे त्यालाही माहीत आहे. प्रथमोपचार, पर्यटकांशी बोलण्यापुरते इंग्रजी-हिंदी, लेण्यांचा खरा इतिहास, घरगुती निवास चालवणे, वेताळवाडीचा किल्ला आणि रुद्रेश्वरसारखी ठिकाणे दाखवणे, एवढे शिकले तर एका लेणीवरचा भार कमी होईल आणि पर्यटक एक मुक्काम वाढवेल. जागेचा प्रश्नही नाही. जपानच्या अर्थसाह्याने उभे राहिलेले अजिंठा अभ्यागत केंद्र इथेच आहे. मोठी सभागृहे, लेण्यांच्या प्रतिकृती, सगळे त्यात आहे. वीज-पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी ते वर्षानुवर्षे कुलपात राहिले. पर्यटन विभागाशी बोलून त्यातला एक भाग कायमचे प्रशिक्षण केंद्र करा.

पाचवे, वेळापत्रक. कोणताही वर्ग जूनमध्ये सुरू करू नका, पेरणीला माणूस येणार नाही. दसऱ्यानंतर नको, वेचणी असते. फेब्रुवारी ते मे हे आमचे शिकण्याचे महिने. आणि ज्यांचे दुकान दिवसभर चालते त्यांच्यासाठी शासकीय आयटीआयच्या कार्यशाळा संध्याकाळी सहा ते नऊ उघड्या ठेवा. लेथ, वेल्डिंगचे यंत्र, वायरिंगचे बोर्ड तिथे आहेत. संध्याकाळी ते नुसते उभे असतात. निदेशकांना या जादा तासांचे मानधन द्या. एसटीचा पास विद्यार्थ्यांना मिळतो तसा या वयस्क विद्यार्थ्यांनाही मिळावा. पाचोरा-जामनेर रेल्वे 2020 पासून बंद आहे. रुंदीकरण होऊन ती धावू लागेपर्यंत तरी गावागावांतून येणाऱ्यांना एसटीचाच आधार आहे.

सहावे, हिशेब. किती जणांना प्रमाणपत्रे वाटली, हा आकडा आम्हाला नको. शिकून सहा महिने झाल्यावर किती जण त्याच कामात आहेत, त्यांचा रोज आधी किती होता आणि आता किती आहे, हे तालुक्यानिहाय जाहीर करा. तहसील कार्यालयाच्या आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ते लावा. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचा शेवटचा हप्ता या आकड्याशी बांधा. काम मिळाले नाही तर ती संस्था का कमी पडली, हे ग्रामसभेत विचारता आले पाहिजे.

मंत्री महोदय, या भागातल्या माणसाला शिकायचे नसते, हा एक समज मुंबईत आहे. तो खरा नाही. मी आयुष्यभर शिकवण्याचे काम केले, म्हणून हे ठामपणे सांगतो. 1958 मध्ये मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, त्याआधी 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेव्हा खेड्यापाड्यांतून पायी आलेली पोरे तिथे शिकली. दार उघडले की माणसे येतात. आज चाळिशीतला माणूस वर्गात येत नाही, त्याचे कारण आळस नाही. तो त्या दिवशी वर्गात बसला तर घरात चूल पेटणार नाही, हे कारण आहे. तो अडसर सरकारने काढावा, एवढेच मागतो आहे.

यासाठी नव्या घोषणेची वाट पाहू नका. सोयगाव तालुका पथदर्शी म्हणून निवडा. दोनशे माणसे घ्या: पन्नास मोटर मिस्तरी आणि वायरमन, पन्नास निंदणी-फवारणीतल्या बायका, पन्नास फर्दापूरचे पर्यटनावर जगणारे, पन्नास वाळूज-सुरतेहून परतलेले कारखाना कामगार. येत्या फेब्रुवारीत वर्ग सुरू करा, मे अखेर परीक्षा घ्या, दिवाळीत हिशेब मांडा. चूक निघाली तर दुरुस्त करू, पुढच्या वर्षी पुन्हा करू. यश आले तर सिल्लोड, कन्नड, पाचोरा, जामनेर मागे राहणार नाहीत.

आपण स्वतः सोयगावला यावे, ही विनंती. तहसीलच्या आवारात एक दिवस बसावे आणि काम गेलेल्या माणसांना समोर बोलवावे. कोणाला काय येते आणि काय शिकायचे आहे, हे ते आपल्याला नेमके सांगतील. त्यांचे ऐकून आपण आदेश काढलात, तर काम मागण्याच्या हक्कानंतर काम शिकण्याचा हक्क देणारे राज्य म्हणूनही महाराष्ट्राचे नाव घेतले जाईल. उत्तराची वाट पाहतो.

आपला,
सोयगावचा एक निवृत्त शिक्षक